लॉगिन होतं पण टिकत नाही: कुकी नेमकी कुठे हरवते ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा: तासगावजवळच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजसाठी पीएचपीमध्ये वेबसाइट केली आहे. शेतकऱ्याने लॉगिन करायचं, आपल्या मालाची नोंद पाहायची, भाडं ऑनलाइन भरायचं. लॅपटॉपवर सगळं चालतं. सर्व्हरवर टाकल्यापासून मात्र पासवर्ड बरोबर असूनही काहींना पुन्हा लॉगिनचंच पान दिसतं. काहींचं लॉगिन होतं, पण पैसे भरून परत आले की ते बाहेर पडलेले असतात. ‘कुकी क्लिअर करा’ असं सगळ्यांना सांगून झालं, काहींना फरक पडला, बाकीच्यांना नाही.

आधी एक विनंती. ‘कुकी क्लिअर करा’ हे सांगणं आजपासून बंद करा. त्याने दोष कुठे आहे याचा पुरावाच पुसला जातो. शिवाय त्या माणसाच्या फोनमधली इतर साइटवरची लॉगिनंही जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेतकऱ्याला वाटतं, आपलाच पासवर्ड चुकतोय. तो पुन्हा पुन्हा टाकतो, खातं लॉक होतं, मग कोणीतरी मुलगा किंवा भाचा सुट्टीला घरी येईपर्यंत तो साइटच उघडत नाही. सांगली-मिरज भागातल्या संस्थांच्या साइट सांभाळताना मी हे सतत पाहतो. दोष आपल्या कोडमध्ये असतो आणि ओशाळा होतो वापरणारा.

आता मुद्द्याकडे. वेब ज्या एचटीटीपीवर चालतं त्याला स्मरण नाही. प्रत्येक विनंती त्याच्यासाठी नवीन. ही उणीव भरून काढायला १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली आणि आजही लॉगिन त्याच युक्तीवर उभं आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवल्यावर पावती मिळते, तशी कुकी ही पावती. माल, म्हणजे कोण लॉगिन झालंय ही माहिती, सर्व्हरवरच्या सेशनमध्ये असतो. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर पावती दाखवतो आणि सर्व्हर तिच्यावरचा नंबर जुळवतो.

म्हणून बिघाड चारच जागी होऊ शकतो. सर्व्हरने कुकी दिलीच नाही. दिली, पण ब्राउझरने ठेवली नाही. ठेवली, पण पुढच्या विनंतीबरोबर पाठवली नाही. किंवा पाठवली, पण सर्व्हरने ओळखली नाही. यातली कोणती जागा, हे ठरल्याशिवाय कोडची एक ओळही बदलू नका. अंदाजाने सेटिंग फिरवत बसलं की एक दोष झाकला जातो आणि दोन नवे तयार होतात.

जागा शोधायला फार वेळ लागत नाही. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’ला टिक करा. ही टिक विसरू नका. लॉगिन झाल्यावर सर्व्हर बहुधा दुसऱ्या पानावर पाठवतो आणि टिक नसेल तर ज्या उत्तरात कुकी आली तेच यादीतून गायब होतं. मग लॉगिन करा आणि लॉगिनच्या विनंतीचे रिस्पॉन्स हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत पानाआधी येणाऱ्या सूचना, पाहा. ‘सेट-कुकी’ ही ओळ नसेल तर जागा पहिली. ओळ आहे पण तिच्याशेजारी पिवळा त्रिकोण आहे, तर जागा दुसरी. त्रिकोणावर माउस नेला की ब्राउझरने कुकी का नाकारली ते चक्क लिहिलेलं असतं. त्रिकोण नाही, तर पुढच्या पानाच्या विनंतीचा ‘कुकीज’ हा उपटॅब उघडा आणि गाळलेल्या कुकी दाखवण्याचा पर्याय निवडा. आपली कुकी गाळलेल्यांत असेल तर जागा तिसरी. व्यवस्थित गेलेली असेल आणि तरी लॉगिनचं पान येत असेल तर चौथी.

कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट कुकी’ लिहून तपासू नका. लॉगिनची कुकी एचटीटीपी-ओन्ली असायला हवी आणि तशी असली की ती जावास्क्रिप्टला दिसतच नाही. ‘कुकी तयारच होत नाहीये’ असं सांगणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची कुकी नीट तयार झालेली असते, फक्त ते चुकीच्या खिडकीतून पाहत असतात. कुकी ‘ॲप्लिकेशन’ टॅबमध्ये पाहा. आणि तक्रार अँड्रॉइड फोनवरचीच असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून लॅपटॉपच्या क्रोममधून फोनवरचं पान तपासता येतं. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात एखाद्या शेतकऱ्याचा फोन, त्याला विचारून, असा जोडा. घरी बसून लावलेल्या तर्कांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता तुमच्याच प्रश्नातले धागे पकडू. ‘लॅपटॉपवर चालतं’ हा पहिला. लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात काय काय वेगळं असतं? एक म्हणजे आउटपुट बफरिंग, म्हणजे पानाचा मजकूर लगेच न पाठवता थोडा साठवून ठेवणं. कुकी हेडरमध्ये जाते आणि हेडर पानाच्या मजकुराआधी जावे लागतात. ‘सेशन स्टार्ट’ या सेशन सुरू करणाऱ्या आज्ञेच्या आधी एखादी मोकळी ओळ, एखादी स्पेस, किंवा नोटपॅडने फाइलच्या सुरुवातीला घातलेलं अदृश्य बीओएम चिन्ह बाहेर पडलं, तर कुकी जात नाही. लॅपटॉपवरच्या पीएचपीत बफरिंग सहसा चालू असतं, म्हणून ही चूक लपते. सर्व्हरवर ते बंद असलं की उघडी पडते. ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा इशारा पडद्यावर दिसणार नाही, कारण सर्व्हरवर चुका दाखवणं बंद ठेवलेलं असतं (आणि ठेवायलाच हवं), पण एरर लॉगमध्ये फाइलचं नाव आणि ओळीच्या क्रमांकासह तो मिळेल. वर्डप्रेसमध्येही कॉन्फिग फाइल किंवा थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये अशी मोकळी जागा राहिली की ‘कुकी अडवल्या गेल्या आहेत’ अशा अर्थाचा संदेश येऊ शकतो. बिचाऱ्या ब्राउझरने काही केलेलं नसतं.

दुसरं म्हणजे ‘सिक्युअर’ हा गुण. तो लावलेली कुकी फक्त एचटीटीपीएसवर चालते. लोकलहोस्टला क्रोम आणि फायरफॉक्स सुरक्षित मानतात, म्हणून लॅपटॉपवर अडचण दिसत नाही. तीच साइट घरच्या वायफायवर १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून फोनमध्ये उघडली की कुकी नाकारली जाते. सर्व्हरपुढे एनजिनएक्स किंवा क्लाउडफ्लेअरसारखा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असेल तर आणखी एक गुंता होतो. बाहेर एचटीटीपीएस, पण आत तुमच्या ॲपपर्यंत विनंती साध्या एचटीटीपीने पोचते. ॲपला वाटतं जोडणी असुरक्षित आहे. नोडमधलं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधलं, एक्सप्रेस-सेशन अशा वेळी सिक्युअर कुकी पाठवतच नाही, चूकही दाखवत नाही. तिथे ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ लावावं लागतं आणि प्रॉक्सीने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर पुढे द्यावा लागतो. यावर उपाय म्हणून सिक्युअरच काढून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो घेऊ नका. पैशांचा व्यवहार असलेल्या साइटवर तर मुळीच नको.

तिसरं, डोमेन, म्हणजे कुकीवर लिहिलेला साइटचा पत्ता. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लोकलहोस्ट’ तसंच राहिलं असेल तर ब्राउझर ती कुकी फेकून देतो. याला दोन मिनिटं पुरतात, पुढे चला.

आता ‘काहींना चालतं, काहींना नाही’. इथे माझा पहिला संशय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर जातो. काही शेतकरी नुसतं नाव टाइप करतात, काही पावतीवर छापलेल्या किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकने येतात, आणि त्यात पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असतं. कुकीत डोमेन लिहिलेलं नसेल तर ती ज्या पत्त्याने दिली त्याच पत्त्याला परत जाते. फॉर्म एका पत्त्यावर सबमिट झाला आणि लॉगिननंतरचं पान दुसऱ्या पत्त्यावर उघडलं, की कुकी आहे पण तिथे जात नाही. माणूस मात्र म्हणतो, ‘पासवर्ड घेतो आणि परत तेच पान दाखवतो.’ उपाय सोपा: एकच पत्ता ठरवा, दुसऱ्यावरून ३०१ ने (कायमचं वळवण्याचा कोड) तिकडे वळवा, आणि कोडमध्ये कुठेही पूर्ण पत्ता हाताने लिहू नका. एचटीटीपीवर येणाऱ्यांनाही असंच एचटीटीपीएसवर वळवा. कुकीत डोमेन घालूनही हे सुटतं, पण मग ती कुकी सगळ्या सबडोमेनना जाते. उद्या ब्लॉगसाठी एखादं सबडोमेन दुसऱ्याच होस्टिंगवर ठेवलंत तर लॉगिनची पावती तिथेही पोचेल. म्हणून मी डोमेन रिकामंच ठेवतो.

‘कुकी क्लिअर केल्यावर काहींना फरक पडला’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या सगळ्या वर्णनात हीच माहिती सगळ्यात मोलाची आहे. क्लिअर केल्याने बरं वाटलं याचा बहुतेक वेळा अर्थ असा की त्या ब्राउझरमध्ये एकाच नावाच्या दोन कुकी होत्या. नाव, डोमेन आणि पाथ (कुकी साइटच्या कोणत्या भागासाठी आहे तो मार्ग) या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नवी कुकी जुनीच्या जागी बसते. मध्येच तुम्ही डोमेन किंवा पाथ बदलला असेल, तर आधीच्या लोकांकडे जुनी कुकी तशीच राहते आणि ब्राउझर दोन्ही पाठवतो. जास्त लांब पाथची आधी, पाथ सारख्या लांबीचे असतील तर जुनी आधी. पीएचपी पहिली उचलतं. म्हणजे नवी, चांगली पावती हातात असताना सर्व्हर जुनी, रद्द झालेली वाचत बसतो. विनंतीच्या कुकी हेडरमध्ये एकच नाव दोनदा दिसलं की निदान पक्कं. याचा इलाज शेतकऱ्याच्या फोनमध्ये नाही. सेशनच्या कुकीचं नाव बदला. जुन्या कुकीकडे मग कोणी पाहणारच नाही आणि कोणालाही काही क्लिअर करावं लागणार नाही. लॉगआउट करूनही लॉगिन राहतं, या तक्रारीचं मूळही अनेकदा हेच असतं: कुकी पुसताना डोमेन आणि पाथ वेगळे दिलेले असतात.

आता पैसे भरून परत आल्यावर बाहेर पडण्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माणसाचे पैसे गेलेले असतात आणि समोर लॉगिनचं पान येतं. त्या क्षणी त्याच्या पोटात काय कालवाकालव होत असेल याचा विचार करा.

कारण आहे सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची की नाही हे सांगणारा कुकीचा गुण. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून गुगलने नियम बदलायला सुरुवात केली: कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नसेल तर ती ‘लॅक्स’ धरायची. कोविडमुळे एप्रिलमध्ये ते काम थांबवलं आणि जुलैत पुन्हा सुरू केलं. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून साध्या लिंकने, म्हणजे गेट पद्धतीने, आलात तर पाठवली जाते; पोस्ट पद्धतीने, म्हणजे फॉर्म सबमिट होऊन, आलात तर नाही. आणि अनेक पेमेंट गेटवे पैसे झाल्यावर ग्राहकाला तुमच्या साइटवर पोस्टने परत पाठवतात. म्हणून तो परत येतो तेव्हा कुकी येत नाही.

मग तुमच्या चाचणीत हे का दिसलं नाही? सेमसाइट न लिहिलेल्या कुकीला क्रोमने एक सवलत दिली: कुकी तयार झाल्यापासून पहिली दोन मिनिटं ती अशा पोस्टबरोबरही जाते. तुम्ही लॉगिन करता, चाचणीचं कार्ड टाकता, झटकन परत येता. शेतकरी चष्मा शोधतो, ओटीपीची वाट पाहतो, मध्येच रेंज जाते. दोन मिनिटं उलटलेली असतात. शिवाय सगळ्या ब्राउझरांनी हा नियम सारखा लावलेला नाही, त्यामुळे तक्रारी आणखी विचित्र वाटतात. चाचणी करताना लॉगिननंतर मुद्दाम पाच मिनिटं थांबून पैसे भरा, दोष लगेच समोर येईल.

कुकी एका विनंतीबरोबर आली नाही एवढंच असतं तर पुढच्या क्लिकला लॉगिन परत दिसलं असतं, कारण कुकी ब्राउझरमध्ये शाबूत असते. खरा घात पुढे होतो. परतीच्या पानावर सुरुवातीलाच ‘सेशन स्टार्ट’ असतं. कुकी आली नाही म्हणून पीएचपी नवं, रिकामं सेशन बनवतं आणि त्याच नावाची नवी कुकी पाठवतं. ती जुन्या चांगल्या कुकीच्या जागी बसते. आता माणूस खरोखरच लॉगआउट झाला.

म्हणून परतीचं पान सेशनवर अवलंबून ठेवूच नका. तिथे सेशन सुरू करू नका. गेटवेने पाठवलेला ऑर्डर नंबर घ्या, गेटवेची सही पडताळा, नोंद करा आणि ३०३ ने आपल्याच साइटवरच्या साध्या ‘पैसे मिळाले’ पानावर वळवा. ती विनंती गेट असल्यामुळे लॅक्स कुकी तिथे येते आणि शेतकरी लॉगिन झालेलाच दिसतो. पैसे जमा झाल्याची खात्री मात्र या परतीवर ठेवू नका. ती गेटवेकडून तुमच्या सर्व्हरला थेट येणाऱ्या संदेशावर ठेवा, कारण परत येता येता फोनची बॅटरीही संपू शकते. सेमसाइटला ‘नन’ (म्हणजे कसलंही बंधन नाही) करून टाकणं हा सोपा वाटणारा मार्ग आहे. नन केलं तर सिक्युअरही लागतं, नाहीतर क्रोम कुकीच नाकारतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या कुठल्याही साइटवरून तुमच्या वापरकर्त्याच्या नावाने फॉर्म पाठवण्याची वाट तुम्ही उघडी करता. एका पानासाठी संपूर्ण साइटचं कुंपण काढू नका. सेमसाइट ‘लॅक्स’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे दोन मिनिटांच्या सवलतीचा घोळही संपेल.

चौथी जागा, सर्व्हरने न ओळखणं. पीएचपीत निष्क्रिय सेशन १४४० सेकंदांनी, म्हणजे २४ मिनिटांनी, साफ व्हायला पात्र ठरतं. तुम्ही स्वतःसाठी ही मुदत वाढवली तरी शेअर्ड होस्टिंगवर एक फट राहते: सेशनच्या फाइली सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये असतील, तर शेजारच्या साइटची कमी मुदत तुमच्याही फाइली पुसून टाकते. आपल्या साइटसाठी वेगळं फोल्डर द्या, ते वेबवरून उघडणार नाही अशा जागी. डिस्क भरली असेल तर सेशन लिहिलंच जात नाही, तेही एकदा पाहा. दोन सर्व्हर असतील तर सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सामायिक साठ्यात हवं. लाराव्हेल किंवा जँगोसारखं फ्रेमवर्क वापरत असाल तर गुप्त किल्ली प्रत्येक वेळी नवी बनत नाही ना ते तपासा; किल्ली बदलली की आधीच्या कुकी किंवा सेशन सर्व्हरला वाचता येत नाहीत.

मराठी साइटना एक खास दोष होतो, तो परभाषेतल्या मार्गदर्शनात सापडत नाही. एका कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइट. काही जण लॉगिननंतर नाव, गाव, पत्ता सगळं कुकीत कोंबतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं आणि कुकीत ठेवण्यासाठी टक्के-चिन्हांच्या रूपात बदललं की ९ होतात. ‘सांगली’ या शब्दात काना, अनुस्वार, वेलांटी धरून ६ चिन्हं, म्हणजे ५४ बाइट. लांब नाव आणि पूर्ण पत्ता असलेल्या खातेदाराची कुकी मर्यादा ओलांडते आणि ब्राउझर ती गुपचूप टाकून देतो. छोट्या नावाच्या माणसाचं लॉगिन चालतं, मोठ्या नावाच्या माणसाचं नाही! कुकीत फक्त सेशनचा नंबर ठेवा, बाकी सगळं सर्व्हरवर.

एक धोका असा आहे की तो लॉगिन न होण्यापेक्षा वाईट. साइट जलद व्हावी म्हणून कोणी पानांचं कॅशिंग (तयार पान साठवून पुन्हा तेच देणं) लावतं आणि लॉगिननंतरची पानंही त्यात अडकतात. एनजिनएक्सचं प्रॉक्सी कॅश सेट-कुकी असलेलं उत्तर आपणहून साठवत नाही, पण ‘हा हेडर दुर्लक्षित कर’ असं सेटिंग नेटवरून उचलून टाकलं की साठवतं. मग एकाची कुकी दुसऱ्याला मिळते आणि एका शेतकऱ्याला दुसऱ्याचा माल, दुसऱ्याचा हिशोब दिसतो. असं एकदा जरी ऐकलंत तरी साइट तात्काळ बंद करा, सगळी सेशन रद्द करा, मग कारण शोधा. लॉगिननंतरच्या प्रत्येक पानावर कॅश-कंट्रोल ‘नो-स्टोअर’ हवंच.

बाकीचं भराभर. फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा भाग) वेगळ्या पत्त्यावर असेल तर ‘फेच’ या जावास्क्रिप्टच्या विनंतीत क्रेडेन्शियल्स ‘इन्क्लूड’ आणि सर्व्हरवर परवानगीच्या हेडरमध्ये तारांकन न ठेवता नेमका पत्ता लागतो. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या आत उघडणाऱ्या ब्राउझरच्या कुकी क्रोमपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे तिथे लॉगिन केलेला माणूस क्रोममध्ये लॉगिन नसतो; हा बिघाड नाही. आयफोनवर जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी सफारी ७ दिवसांत पुसतो, म्हणून ‘लक्षात ठेवा’ची कुकी सर्व्हरनेच द्यावी.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: आधी पत्ता एक करा, मग सेशन कुकीचं नाव बदला आणि तिच्यावर सिक्युअर, एचटीटीपी-ओन्ली, लॅक्स हे तिन्ही लिहा, मग परतीचं पान सेशनमुक्त करा. एकेक बदल करा आणि प्रत्येकानंतर एक दिवस तक्रारी पाहा. त्यातूनही काही उरलं तर लॉगिनच्या उत्तरातली सेट-कुकीची ओळ आणि पुढच्या विनंतीतली कुकीची ओळ मला पाठवा. फोनचं आणि ब्राउझरचं नावही लिहा. पण बरोबर-चिन्हानंतरचा लांबलचक नंबर आधी खोडून टाका. तो ज्याच्या हातात पडेल तो त्या शेतकऱ्याच्या नावाने आत जाऊ शकतो.